पान ३१: सोलापुरातल्या हातमाग वर्गासाठी पुस्तक आणि व्हिडिओ तयार करताना

(माणसांची आणि संस्थेची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

सोलापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला चादर आठवते आणि तिथंच तो थांबतो. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे, पण बाजारातला बहुतेक माल यंत्रमागावरचा असतो. हातमाग उरला तो पूर्व भागातल्या थोड्या घरांत, आणि तोही मुख्यतः भिंतीवर टांगायच्या चित्रांसाठी, म्हणजे वॉल हँगिंगसाठी. साखर पेठ, भवानी पेठ, दाजी पेठ या भागांत पिढ्यान्‌पिढ्या विणकाम करणारी पद्मशाली कुटुंबं मूळची तेलुगू भाषक आहेत. घरात तेलुगू, दारात मराठी, आणि रिक्षावाल्याशी बोलताना हिंदी. याच घरांतल्या कितीतरी बायका विड्या वळतात.

एका छोट्या संस्थेनं विडी कामगार बायकांसाठी हातमागाचा चार महिन्यांचा वर्ग सुरू केला. सहा माग, त्यांतल्या दोनांवर जकार्ड, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवरून नक्षी विणायची यंत्रणा. एका तुकडीत सोळा जणी. सकाळी विड्या वळून कारखान्यात टाकून येणार, म्हणून वर्ग दुपारी दोन ते पाच. शिकवायला एक वयस्क विणकर होते, त्यांना सगळे अण्णा म्हणत. साठी ओलांडलेली, पण मागावर बसले की पाठ ताठ.

मी आधी शाळेच्या स्वाध्यायपुस्तिका लिहायचे. विणकामातलं मला काही कळत नव्हतं, आणि संस्थेला तेच हवं होतं. "तुम्हाला समजलं तर कुणालाही समजेल," असं ते म्हणाले. हे वाक्य पुढं मला महागात पडलं.

अडचण

पहिल्या तुकडीनंतर असं दिसलं की अण्णा समोर असले की बायकांना जमायचं, ते गेले की माग थांबायचा. धागा तुटला, धोटा (आडवा धागा इकडून तिकडं नेणारा) अडकला, नक्षी एका बाजूला सरकली की काम बंद. म्हणून घरी नेता येईल असं पुस्तक आणि मोबाइलवर बघता येतील असे व्हिडिओ करायचे ठरले. पैसे देणाऱ्यांचा आग्रह ॲपचा होता.

तीन महिन्यांत मी ६४ पानांचा मसुदा तयार केला. नीटनेटका, क्रमवार, प्रत्येक धड्याच्या शेवटी प्रश्न. अण्णांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला, दोन दिवस घेतले, आणि परत देताना म्हणाले, "मॅडम, लई चांगलं केलंय. पण हे शाळेतलं पुस्तक हाय. मागावरचं नाही."

मी विचारलं, मग मागावरचं कसं असतं?

"मागावर बसल्यावर सगळं नीट चालालंय तेव्हा पुस्तक कोण उघडतंय? बिघडलं की उघडतंय."

मसुद्यात बिघाडाला शेवटची दोन पानं होती, 'सामान्य दोष' या मथळ्याखाली. त्यातला एकही दोष मी स्वतः पाहिलेला नव्हता. जुन्या पुस्तकांतून उचलले होते.

भाषेचा निर्णय

मसुद्यात मी 'उभे सूत' आणि 'आडवे सूत' असं लिहिलं होतं. बायकांच्या तोंडी होतं पडुगु आणि पेका. मागाला मग्गम. पण सगळ्या सोळा जणी तेलुगू नव्हत्या. तिघी मराठी, दोघी कानडी, दोघी घरी उर्दू बोलणाऱ्या. कानडी बायकांना मग्गम कळायला वेळ लागला नाही, कारण त्यांच्याकडं मागाला मग्ग म्हणतात. मराठी बायकांना ताणा (उभं सूत), बाणा (आडवं सूत), धोटा, कांडी, फणी (आडवा धागा ठोकून बसवणारी) हे शब्द सासर-माहेरच्या यंत्रमागावरून माहीत होते. आणि यंत्रमागावर काम केलेल्यांना शटल, बीम, पिक (बाण्याचा एक धागा) हेच पहिल्यांदा आठवायचं.

पर्याय तीन होते. सगळं मराठीत लिहायचं आणि ताणा-बाणा ठेवायचे. किंवा पुस्तकाची तेलुगू आवृत्ती काढायची. किंवा वाक्यं मराठी ठेवून मागाचे शब्द सगळ्या भाषांतले देवनागरीत शेजारी शेजारी द्यायचे.

दुसरा पर्याय ऐकायला सगळ्यांत आदराचा वाटत होता, आणि एका विश्वस्तांचा त्यावर जोर होता. आम्ही सरळ विचारून पाहिलं. तेलुगू बोलणाऱ्या नऊ जणींपैकी तेलुगू लिपी सहज वाचणाऱ्या दोघीच निघाल्या, त्याही चाळिशीच्या पुढच्या. बाकीच्यांची शाळा मराठी माध्यमाची. बोली घरची आणि लिपी शाळेची, असं इथल्या एका अख्ख्या पिढीचं झालं आहे. तेलुगू लिपीतलं पुस्तक त्यांना कौतुकाचं वाटलं असतं, वाचता आलं नसतं.

मग एक दुपार फक्त शब्दांसाठी ठेवली. मागाच्या प्रत्येक भागावर कागदाची कोरी चिठ्ठी डकवली आणि जिला जो शब्द येतो तो तिनं लिहायचा. काही भागांवर दोन शब्द आले, काहींवर पाच. एका भागावर कुणीच काही लिहिलं नाही. सगळ्याजणी त्याला बोट दाखवून 'ते' म्हणत. पुस्तकातही आम्ही त्याला चित्रात क्रमांक दिला आणि नाव दिलं नाही. तिसरा पर्याय असा आपोआप ठरला. प्रत्येक चित्राखाली शब्दांची एक ओळ आहे, आणि पाठाच्या वाक्यात सोळा जणींना जो सर्वांत जास्त कळला तो शब्द. त्यामुळं पुस्तकाची भाषा एकसारखी नाही. एका पानावर ताणा आहे, त्याच पानावर पिक आहे. शुद्धलेखन तपासणाऱ्या बाईंनी यावर लाल शाईनं बरंच लिहिलं. आम्ही ते तसंच ठेवलं.

छापील की डिजिटल

ॲपचा प्रश्न एका साध्या चौकशीनं सुटला. फोन कुणाचा आणि दुपारी कुठं असतो? बहुतेक घरांत चांगला फोन एकच, आणि तो नवऱ्याबरोबर किंवा मुलाबरोबर कामावर जातो. रात्री नऊनंतर तो घरी येतो तेव्हा बाई स्वयंपाकघरात. ॲप कुणी उघडलं नसतं. पैसे देणाऱ्यांना हे पटवायला मात्र दोन बैठका लागल्या, कारण ॲपचा फोटो अहवालात चांगला दिसतो.

शेवटी ठरलं ते असं: एक पुस्तक, मागाला दोरीनं टांगायची बारा जाड कार्डं, चौदा छोटे व्हिडिओ आणि ते दाखवायला केंद्रात भिंतीवर लावलेली एक टॅब. पुस्तकात प्रत्येक व्हिडिओसाठी एक क्यूआर कोड, घरी फोन हाताशी आला तर.

कार्डांची कल्पना माझी नाही. पुस्तक मांडीवर ठेवून विणता येत नाही. दोन्ही हात आणि दोन्ही पाय गुंतलेले असतात. शिवाय हाताला खळ लागलेली असते आणि पानं चिकटतात. एका प्रशिक्षणार्थीनं घरच्या देवाच्या दिनदर्शिकेसारखं डोळ्यांसमोर टांगा असं सुचवलं. आम्ही कार्डं लॅमिनेट करून वर भोक पाडलं.

व्हिडिओ

पहिले चार व्हिडिओ वाया गेले. कॅमेरा समोर लावला होता, म्हणजे अण्णांचा चेहरा दिसावा म्हणून. समोरून बघितलं की डावं उजवं होतं. धोटा डावीकडून सोडायचा तर पडद्यावर तो उजवीकडून सुटताना दिसतो. बायका टॅबकडं बघत आणि हात उलटे चालवत. पुन्हा चित्रीकरण केलं तेव्हा कॅमेरा अण्णांच्या उजव्या खांद्यामागं लावला. चेहरा गेला, फक्त हात उरले. अण्णांच्या घरच्यांना ते फारसं आवडलं नाही.

दुसरी चूक मी जाणूनबुजून केली. मागाचा आवाज कर्कश वाटला म्हणून तो काढून सतार घातली आणि वर माझं निवेदन. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आवाज काढला म्हणजे अर्धं शिकवणं काढलं." धोटा नीट पोचला की एक आवाज येतो, अर्ध्यात अडला की वेगळा, फणीचा ठोका हलका पडला की तिसरा. विणकर आधी ऐकतो, मग बघतो. आता व्हिडिओंत निवेदन नाही. आवाज मागाचा आहे, आणि जिथं बिघाड होतो तिथं पडद्यावर दोन शब्द येतात. चौदा व्हिडिओंपैकी नऊ बिघाडाचे आहेत. बिघाड मुद्दाम करायला अण्णांना फार जड गेलं. धागा तोडायला सांगितलं की ते आधी सवयीनं जोडायलाच हात घालायचे.

क्यूआर कोडचं वेगळंच झालं. ते मी एका फुकटच्या संकेतस्थळावरून बनवले. त्या कोडचा दुवा त्या कंपनीमार्फत फिरून व्हिडिओकडं जायचा, हे मी वाचलंच नव्हतं. चाचणीची मुदत संपली आणि छापलेले सगळे कोड पैसे मागणाऱ्या पानावर जाऊ लागले. तीनशे प्रती छापून झालेल्या. शेवटी थेट दुवा असलेले कोड स्टिकरवर छापून, तीन संध्याकाळी बसून, आम्ही हातानं चिकटवले. दोष माझा होता. छापायच्या कोडमध्ये मधला दलाल नको, एवढं जरी मला कुणी आधी सांगितलं असतं.

ग्राफचा घोळ

सगळ्यांत मोठी चूक मात्र एका कोऱ्या पानाची होती, आणि ती थोडी सविस्तर सांगते.

जकार्डवर नक्षी विणायची तर आधी ती चौकटीच्या कागदावर उतरवतात. उभा रकाना म्हणजे ताण्याचा एक धागा, आडवी ओळ म्हणजे बाण्याचा एक धागा. भरलेली चौकट म्हणजे तो धागा उचलायचा. त्यावरून कार्डांना भोकं पाडतात, बाण्याच्या प्रत्येक धाग्याला एक कार्ड. केंद्रातलं जकार्ड चारशेचं आहे. त्यात धागे उचलणाऱ्या आठ-आठ हुकांच्या ५१ रांगा असतात, म्हणजे प्रत्यक्षात ४०८ हुक. म्हणून त्याच्या ग्राफवर दर आठ चौकटींनंतर जाड रेघ लागते. गणिताच्या वहीतल्या ग्राफवर ती दहानंतर असते.

दुसरी गोष्ट चौकटीच्या आकाराची. केंद्रातल्या कापडात इंचाला ४० ताणे आणि ३० बाणे बसतात. जितक्या रुंदीत आठ ताणे मावतात तितक्याच उंचीत सहाच बाणे मावतात. म्हणून ग्राफचा मोठा चौकोन ८ बाय ६ चा हवा. लहान चौकटी चौरस नसतात, थोड्या उभट असतात.

पुस्तकाच्या शेवटी सरावासाठी कोरी ग्राफची दहा पानं होती. मांडणी करणाऱ्याला मी फक्त 'ग्राफ टाका' एवढंच सांगितलं. त्यानं गणिताचा ग्राफ टाकला. चौरस, दर दहाला जाड रेघ. प्रूफ मीच तपासलं. मला ते छान स्वच्छ दिसलं.

दुसऱ्या तुकडीतल्या एका बाईनं त्यावर कमळ काढलं. तिच्या हातात चित्रकला होती. रांगोळीची सवय. १८० चौकटी रुंद, १८० चौकटी उंच, कागदावर बांगडीसारखं गोल. तिनं आणि तिच्या जोडीदारणीनं आठवडाभर बसून १८० कार्डं पाडली. कापड उतरलं तेव्हा कमळ साडेचार इंच रुंद आणि सहा इंच उंच होतं. अंड्यासारखं.

सगळ्या आधी हसल्या. तीही हसली. मग संध्याकाळी ती पुस्तक परत करून गेली.

त्या वेळी समोर तीन मार्ग होते. अण्णांचा पहिला विचार विणकराचा: ठोका दाट करा, इंचाला ४० बाणे बसवा, कमळ आपोआप गोल होईल. करून पाहिलं. जाड सुतात तेवढे बाणे बसेनात, कापड पुठ्ठ्यासारखं झालं. दुसरा मार्ग, तेच कमळ 'उभं कमळ' म्हणून विकायचं. संस्थेतल्या एकाला तो आवडला होता. तिसरा, पुन्हा काढायचं. त्याच रुंदीचं गोल कमळ १३५ ओळींत बसतं, म्हणजे १३५ कार्डं पुरली असती. ४५ कार्डं आणि तितकी मेहनत आमच्या एका कोऱ्या पानानं खाल्ली.

आम्ही पुन्हा काढलं. अण्णांनी स्वतः तिच्या घरी जाऊन तिला बोलावलं. मी पुस्तकातली ती दहा पानं कापून काढली आणि त्या जागी ८ बाय ६ ची पानं छापून शिवली. समजावून सांगायचं कसं, हे मात्र तिनंच सोडवलं. आठाच्या जाड रेघेला ती 'कट्टा' म्हणू लागली, विड्यांच्या कट्ट्यासारखा, म्हणजे जुडीसारखा. विड्या वळणाऱ्या बाईचं बोट न बघता मोजतं. सुट्या चौकटी मोजताना चुकणाऱ्या बायका कट्ट्यांनी मोजताना चुकेनाशा झाल्या. आता पुस्तकातही 'कट्टा' हाच शब्द आहे. अंड्यासारखं कमळ केंद्रात दारासमोर टांगलेलं आहे आणि नव्या तुकडीचा पहिला धडा त्याच्यापासून सुरू होतो.

कापडाचे नमुने

बिघाडाची पानं नव्यानं लिहिताना फोटो फसले. छपाईत धाग्याची उचल दिसत नाही. म्हणून प्रत्येक प्रतीत दोषांचे खरे तुकडे डकवायचे ठरले: फणीच्या एका घरात चुकून जास्त धागे ओवल्यामुळं पडलेली उभी रेघ, ठोका कमी-जास्त झाल्यानं आलेला आडवा पट्टा, न विणला गेलेला लोंबता धागा, हुक न उचलल्यामुळं नक्षीत राहिलेली रिकामी जागा. खर्च वाढला, प्रती कमी झाल्या आणि पुस्तक फुगलं. पण पुस्तकात बोटांच्या सर्वांत जास्त खुणा याच पानांवर दिसतात. डोळे मिटून बोट फिरवून दोष ओळखायचा खेळ बायकांनी स्वतःच सुरू केला.

कुणाची नक्षी

अण्णांकडं त्यांच्या वडिलांच्या हातचे ग्राफ होते. मी ते स्कॅन करून सगळ्यांसाठी खुले ठेवायला निघाले होते. त्यांनी नाही म्हटलं, आणि मला तेव्हा राग आला. नंतर समजलं. चांगली नक्षी बाजारात आली की तिची यंत्रमागावरची नक्कल यायला वेळ लागत नाही. भौगोलिक निर्देशांक 'सोलापुरी चादर' या नावाचं रक्षण करतो, एखाद्या घरच्या मोराचं नाही. डिझाइनची नोंदणी हा वेगळा कायदा, आणि तिथं नक्षी नवी असावी लागते. वडिलांनी विकलेली नक्षी नवी कशी ठरणार?

तोडगा असा निघाला: पुस्तकात आणि व्हिडिओत फक्त सर्रास चालणाऱ्या नक्ष्या, वडिलांचे ग्राफ केंद्रात कपाटात, बघायचे ते अण्णांसमोर. आणि चित्रीकरणाच्या दिवसांची त्यांना वेगळी मजुरी. सुरुवातीला आम्ही ती धरलीच नव्हती. शिकवण्याच्या पगारात ती येते असं आम्ही गृहीत धरलं होतं.

पान ३१

एक काम कशातच बसलं नाही. जुना ताणा संपत आला की नव्याची टोकं जुन्याच्या टोकांना जोडतात. अण्णा बोटाला राख लावून दोन टोकं एकमेकांवर पिळत. गाठ नाही, फक्त पीळ. तो फणीतून अलगद सुटून जातो. आम्ही ते जवळून टिपलं, हळू गतीत टिपलं, चित्रं काढली. बघून कुणालाही जमलं नाही. अण्णांनी बाईचं बोट स्वतःच्या दोन बोटांत धरून फिरवलं की तिसऱ्या-चौथ्या वेळी जमायचं. दाब किती, हे दिसत नाही.

व्हिडिओ ठेवावा असं संस्थेचं मत होतं, चौदाऐवजी पंधरा झाले असते. मी तो काढला. पान ३१ वर एकच ओळ छापली: 'हे अण्णांकडून शिका. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी तीन.'

निष्पत्ती

तिसऱ्या तुकडीत सोळापैकी अकरा जणी अण्णा नसतानाही बिघाड काढून माग पुन्हा चालू करू शकल्या. पहिल्या तुकडीत अशा दोघीच होत्या. यात मागाला टांगलेल्या कार्डांचा वाटा किती, नमुन्यांचा किती आणि अण्णांना शिकवायची सवय झाल्याचा किती, हे वेगळं काढता येत नाही. टॅबवर बिघाडाचे व्हिडिओ वारंवार लावले जातात, बाकीचे पाच जवळपास कधीच नाही. घरी क्यूआर कोड वापरल्याचं चौघींनीच सांगितलं. त्यांतल्या दोघींच्या घरी तो मुलीनं उघडून दाखवला होता.

विणकाम शिकून विडी सोडलेल्या मात्र फार थोड्या. वॉल हँगिंगला गिऱ्हाईक नेहमीचं नसतं, हजार विड्यांचे पैसे ठरलेले असतात. साहित्य कितीही चांगलं केलं तरी हा हिशेब त्यानं बदलत नाही, आणि आम्ही प्रकल्पाच्या अर्जात तो बदलेल असं लिहिलं होतं.

पुन्हा करायचं झालं तर

पहिला महिना मी काही लिहिणार नाही. मागावर बसेन आणि धागे तोडेन. शब्दांच्या चिठ्ठ्यांची दुपार पहिल्या आठवड्यात घेईन. तीनशे प्रती एकदम छापणार नाही, आधी वीस काढेन, त्याही स्पायरल लावून, म्हणजे पान बदलता येईल. विणकाम शिकलेल्या एखादीला मजुरी देऊन प्रूफ तपासायला बसवेन. चौरस ग्राफ तिनं एका नजरेत पकडला असता. आणि अण्णांबरोबर शिकवायला दुसरं कुणीतरी पहिल्या दिवसापासून ठेवेन.

हे शेवटचं फार उशिरा सुचलं. गेल्या उन्हाळ्यात अण्णांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांचं येणं कमी झालं. पुढच्या छपाईच्या वेळी पान ३१ चं काय करायचं असं मी त्यांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, सूनबाईला येतं. ती वर्गात कधी आली नव्हती, घरीच बघून बघून शिकली होती. आता त्या पानावर तिचं नाव आहे. वार तेच ठेवलेत. वेळ मात्र साडेचार, कारण त्याआधी तिच्या विड्या व्हायच्या असतात.